आजोबांचा घडीचा चाकू परत कामाला कसा लावायचा

बहुतेक घरात तो असतोच. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, देवघराखालच्या खणात, नाहीतर आजोबांच्या जुन्या कोटाच्या खिशात. बोटाएवढा घडीचा चाकू, पातं लाल झालेलं, उघडायला गेलं की नख तुटायची वेळ येते, मग घरातलं कोणीतरी म्हणतं टाक तो भंगारात, ऑनलाईन नवीन येतो की दोनशे रुपयात. येतो ना, पण त्याचं पातं ढिलं झालं की तो कचऱ्यातच जातो, कारण त्याला खोलायला जागाच नसते. जुन्या चाकूत असतंय काय? एक पातं, एक मूठ, पाठीमागची कमान म्हणजे पात्याला ताणून धरणारी स्प्रिंगची पट्टी, आणि एखाद-दोन रिबीट. सगळं डोळ्याला दिसतं, म्हणून सगळं घरी नीट करता येतं, आणि खर्च म्हणाल तर एका बऱ्या जेवणाच्या थाळीपेक्षा कमी.

आमच्या तात्यांचा चाकू शिसवी मुठीचा, पातं जेमतेम अडीच इंच. तात्या मागावर बसायचे तेव्हा सुताची गाठ उडवायला तोच, दुपारी डबा उघडला की कांदा कापायला तोच, आणि घरात बाळंतीण आली की आज्जी तोच चाकू मागून न्यायची आणि बाळाच्या उशाखाली ठेवायची, लोखंड जवळ असावं म्हणून. मग तात्या आठवडाभर सुतळी दाताने तोडायचे आणि कुरकुरायचे.

तर सुरुवात. आधी पातं कशाचं आहे ते ओळखा. लोक सांगतात चुंबक लावून बघ, चिकटलं तर साधं पोलाद, नाही चिकटलं तर स्टेनलेस. हे चाकूला लागू होत नाही, कारण चाकूचं बहुतेक स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं, भांड्याच्या स्टीलची गोष्ट वेगळी. त्यापेक्षा पात्याचा एक कोपरा घासून साफ करा आणि त्यावर लिंबाची फोड अर्धा तास ठेवून द्या. काळपट-करडा डाग पडला तर साधं पोलाद म्हणजे कार्बन स्टील. ते गंजतं लवकर, पण त्याला घरच्या दगडावर धार पटकन येते. जुन्यातले बरेचसे असेच निघतात. पात्याच्या बुडाशी शिक्का असला तर तो भिंगातून बघून घ्या, कधी इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू कंपनीचा तारा आणि क्रॉस सापडतो. आता त्या शिक्क्याची नक्कलही भरपूर झालीय त्यामुळे लगेच लाखाचा माल समजून नाचू नका, पण खरा असो खोटा असो शिक्क्यावर पॉलिश पेपर फिरवायचा नाही. एकदा पुसला की गेला.

गंज काढायला चाकू अर्धा उघडा आणि पातं नि सांधा एवढाच भाग घासलेटात किंवा टर्पेंटाईनमध्ये रात्रभर बुडवा. घासलेट आता मिळणं मुश्किल झालंय, पण टर्पेंटाईन पेंटच्या दुकानात मिळतंच. मूठ बुडवायची नाही, शिंगाची किंवा लाकडाची असेल तर अजिबातच नाही. एका छोट्या वाटीत चाकू तिरका उभा केला की जमतं. सकाळी काढून हळूहळू उघड-मीट करा, जोर लावायचा नाही, अडलं तर परत बुडवून ठेवायचं. सांध्यातून काळा-तपकिरी चिखल निघतो तो जुन्या टूथब्रशने काढायचा आणि मुठीच्या फटीतला मळ खराट्याच्या काडीने उकरायचा. आमच्या चाकूच्या फटीतून सुताचे बारीक रंगीत तुकडे निघाले होते, लाल, हिरवे, गच्च बसलेले, आणि त्याखाली सुपारीचा भुगा.

मग पातं. भांडी घासायची जाड तार वापरू नका, ओरखडे पडतात. पेंटवाल्याकडे बारीक स्टील वूल मिळतं, शून्य शून्य शून्य शून्य नंबरचं म्हणून मागायचं, त्यावर थेंबभर तेल घेऊन लांबीच्या दिशेने घासायचं. खोल गंज असेल तर काळा वॉटर पेपर, आधी ४०० नंबर मग ८००. आणि इथे थांबायचं कुठे ते महत्त्वाचं. लाल रंग गेला पाहिजे, काळा-करडा राहिला तरी चालेल, नव्हे राहूच द्या. लाल गंज भुसभुशीत असतो, तो ओल धरतो आणि खाली खात जातो. वर्षानुवर्षं कांदा, कैरी, चिंच कापून जो काळसर निळसर थर चढतो तो घट्ट बसलेला असतो आणि खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतो. आरशासारखा चकाचक करायची हौस असते लोकांना, पण तसं केलं की तो थर जातो, पातंही बारीक होतं आणि पुढच्या पावसाळ्यात परत लाल.

आता तेल. यात आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. घरात करडईचं तेल आहे, सोलापूर भागात असणारच, मग तेच दोन थेंब सोडले सांध्यात आणि झालं. नाही होत. करडई, जवस ही तेलं हवा लागली की हळूहळू घट्ट होत जातात, चिकट पापुद्रा धरतात, त्यात धूळ बसते आणि सहा महिन्यात चाकू परत जाम. शेंगदाण्याचंही शेवटी चिकटच होतं. खोबरेल त्यातल्या त्यात बरं, पण ते २४ अंशाच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे हिवाळ्यात सकाळी हुरड्याला शेतात गेलात की सांधा आखडलेला. सांध्याला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, जास्त नाही. आणि पात्याला, म्हणजे जिथून फळ-भाजी कापणार तिथे, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन. ते पोटात गेलं तरी काही होत नाही, बद्धकोष्ठावर डॉक्टर तेच देतात, आणि खवटही होत नाही. कापडाला लावून नुसता हात फिरवायचा.

जवसाचं तेल वाया नाही घालवायचं मात्र, ते लाकडी मुठीसाठी एक नंबर. जो दोष सांध्यात तोच इथे गुण, लाकडात मुरतं आणि आतच घट्ट होतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४२-४३ अंश जातं, हवा कोरडी, लाकूड आकसतं आणि रिबिटाजवळ बारीक तडा जातो, म्हणून उन्हाळा लागायच्या आधी एकदा मुठीला जवस चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं आणि दोन-चार दिवस चाकू तसाच वाळू द्यायचा. एक गोष्ट गंभीरपणे घ्या, जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना स्वतः गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी पेटू शकते, काडी न लावता. दोरीवर पसरून वाळवा, पूर्ण कडक झाली की मग टाका, नाहीतर पाण्यात भिजवून टाका. शिंगाची मूठ असेल तर जवस नको, थोडं पॅराफिन पुरे, आणि गरम पाण्यापासून लांब ठेवा, शिंग गरम झालं की वाकतं.

पातं लुडबुडत असेल, उघडल्यावर डावी-उजवीकडे हलत असेल, तर रिबीट सैल झालंय. चाकू जाड लोखंडावर आडवा ठेवून रिबिटाच्या डोक्यावर लहान हातोडीने टकटक करायचं, ठोकायचं नाही, दोन टिचक्या आणि हलवून बघ, परत दोन टिचक्या. जास्त आवळलं तर उघडणारच नाही. शिंगाची किंवा हाडाची मूठ असेल तर हे स्वतः करू नका, तडकते, घड्याळजी किंवा सोनारकाम करणारा ओळखीचा असेल तर त्याच्याकडे द्या, त्यांचा हात हलका असतो.

धार. मोठा भाग हाच, आणि लोकांना वाटतं तेवढा अवघड नाही.

आधी दगड. आमच्याकडे आत्याचं एक ठरलेलं, सुरी बोथट झाली की अंगणातल्या शहाबादी फरशीवर चार हात मारायचे. "तात्या, आत्या फरशीवर चाकू घासायलीय" म्हटलं की तात्या म्हणायचे, "घासू दे बे, फरशीला धार येतीय का बघू." शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे तो पोलादाला खात नाही, उलट पोलादच त्याला खातं. कडेची वाकलेली धार थोडी सरळ होते म्हणून दोन दिवस बरं वाटतं इतकंच. पाटा काळ्या दगडाचा, तो कडक असतो, पण टाकी लावलेला खडबडीत, त्यावर एवढंसं पातं दातेरी होतं. हार्डवेअरच्या दुकानात काळा कार्बोरंडमचा निसणा म्हणजे धार लावायचा दगड मिळतो, एक बाजू जाड एक बारीक, तो घ्या. तेवढाही खर्च नको असेल तर ती शहाबादी फरशी उपयोगाची आहे की, सपाट तुकड्यावर वॉटर पेपर ओला करून चिकटवा, ६०० आणि मग १०००, तोच तुमचा दगड. आणि खरेदीचा दगड वापरून वापरून मध्ये खोलगट झाला की त्याच फरशीवर पेपर ठेवून दगड घासून सपाट करता येतो. खोलगट दगडावर धार कधीच नीट बसत नाही.

दगड पाण्यात भिजवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकत नाही. आता कोन. पातं दगडावर पूर्ण आडवं नाही आणि फार उभंही नाही, साधारण २० अंश. हे कसं कळायचं? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडला की ४५, परत दुमडला की साडेबावीस, तो तुकडा पात्याखाली धरून बघा, त्यापेक्षा किंचित कमी. किंवा मापाने, पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिलिमीटर उचललेली. पहिल्यांदा स्केचपेनने धारेच्या कडेला रंग लावा आणि दोन हात मारून बघा. रंग अगदी टोकाच्या कडेवरून गेला तर कोन बरोबर, वरच्या अंगाने गेला आणि कडेला राहिला तर पाठ अजून उचला. ही रंगाची युक्ती कोणी सांगत नाही आणि नव्या माणसाला हिचाच सगळ्यात जास्त उपयोग.

मग एका बाजूने घासत राहायचं, बुडापासून टोकापर्यंत, जिथे पातं गोलाई घेतं तिथे मनगट थोडं वर. दाब बेताचा. वेगाला काही किंमत नाही, कोन न हलणं महत्त्वाचं. असं कुठपर्यंत? दुसऱ्या बाजूला कडेवर बारीकशी लव येईपर्यंत, वर्कशॉपवाले तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेच्या दिशेने आडवा सरकवून बाहेर न्या, धारेच्या लांबीवरून नाही हं, बोट कापेल, तर नखाला किंचित खरखर अडकते ती बर. पूर्ण लांबीभर लागली पाहिजे. मग पातं उलटवा आणि तेच दुसऱ्या बाजूने. बर यायच्या आधीच कंटाळून बाजू बदलत राहतात लोक, म्हणून तासभर घासूनही चाकू बोथटच.

दोन्हीकडून बर आली की दगडाची बारीक बाजू, हलका हात, आता एकेक हात आलटून-पालटून. शेवटी चामड्याचा जुना पट्टा, त्याची आतली खरखरीत बाजू, दाराच्या कडीला अडकवून ताणून धरा आणि पातं पाठीच्या दिशेने ओढा, धार मागे राहिली पाहिजे, जुने न्हावी वस्तरा ओढायचे तसंच. पट्टा नसेल तर वर्तमानपत्राची घट्ट घडी फरशीवर ठेवून तिच्यावर ओढा, शाई आणि कागद दोन्ही थोडं थोडं घासतात. तपासायला तोच पेपर हातात धरून कापा, न फाटता सरळ चिरत गेला की झालं. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली तर आणखीन भारी. मधल्या काळात धार थोडी उतरली की दगडाची गरज नाही, चहाचा चिनी मातीचा कप पालथा घालायचा, बुडाला जी खरखरीत कड असते तिच्यावर दोन-चार हात.

सायकलवर चाक फिरवत धार लावणारे येतात गल्लीत, विळी, सुरी, कात्री सगळं त्यांच्याकडे द्या, त्यांचं पोट आहे त्यावर आणि कामही चांगलं करतात. हा एक चाकू मात्र देऊ नका. इलेक्ट्रिक ग्राइंडरवर तर नाहीच नाही. पातं एवढं पातळ की सेकंदात तापतं, आणि कड निळी पडली म्हणजे तिथे तापमान ३०० अंशाच्या घरात गेलं. त्या तापमानाला पोलादाचं पाणी उतरतं, तेवढा भाग कायमचा मऊ होतो, परत कितीही धार लावा दोन कांद्यात गेली. निळा झालेला भाग पूर्ण घासून काढेपर्यंत इलाज नाही, आणि अडीच इंची पात्यात काढायला असतं किती.

रोजची निगा म्हणजे एकच, ओला चाकू मिटायचा नाही. डाळिंब, लिंबू, कैरी कापली की लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडा. सोलापूरचं बोअरचं पाणी जड, तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग धरतात आणि त्या डागाखाली गंज सुरू होतो. चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं, पितळेची पट्टी असेल तर ती हिरवी पडते. जुन्या चादरीचा सुती तुकडा उत्तम, आपल्याकडे त्याला काय तोटा.

आता कापायचं काय, तर नीट केल्यावर तो परत ड्रॉवरमध्ये गेला तर एवढं सगळं कशाला केलं. डाळिंब घ्या. मोठ्या सुरीने मधून दोन फाका करतात आणि रस परातभर सांडतो. लहान चाकूने मुकुटाभोवती उथळ गोल चीर देऊन ते टोपण काढायचं, आतल्या पांढऱ्या पडद्याच्या रेषा दिसतात, त्याच रेषांवर बाहेरून नुसती साल चिरायची, आत जायचं नाही, आणि हाताने उकलायचं. दाणा एक फुटत नाही. जनवरीत हुरड्याला गेलात तर कणसाखालचं ताट कापायला, उसाचं कांडं सोलायला, पेन्सिलीला टोक करायला. पोतं उघडायला चाकू लागत नाही खरं तर, शिवणीचा बरोबर दोरा ओढला की ती सरसर सुटते, पण बरोबर दोरा सापडला नाही तर चाकू आहेच.

शेती असेल तर डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळ्या फोडून रोप करायचं. पावसाळ्यात, पेन्सिलीएवढी जाड वर्षाची फांदी निवडायची, अडीच-तीन सेंटीमीटर अंतरावर दोन गोल चिरा, मधली साल काढायची आणि खालचा हिरवट बुळबुळीत थर पात्याने खरवडून घ्यायचा, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळ्या येत नाहीत. मग मुळ्या फुटायचं संजीवक, त्यावर ओलं मॉस म्हणजे शेवाळ, वरून प्लास्टिक, दोन्हीकडून घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. या कामाला मोठी कात्री नाही चालत, असं लहान आणि खरंच धारदार पातंच लागतं. पण तेल्याचं ध्यान ठेवा, तो जिवाणूचा रोग आहे आणि हत्यारावरून एका झाडाचा दुसऱ्याला जातो, म्हणून दर झाडानंतर पातं सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवायचं. ते द्रावण कार्बन स्टीलला खातं, त्यामुळे काम संपल्यावर धुऊन, कोरडं करून, तेलाचा हात, त्याच दिवशी.

काय करायचं नाही तेही ऐका. डब्याचं झाकण उचकटायचं नाही, स्क्रू फिरवायचे नाहीत, टोक मोडलेले जितके चाकू आहेत ते सगळे याच कामात गेले. आणि नुसत्या कमानीच्या चाकूला खटका नसतो, म्हणजे पातं अडकून बसत नाही, टोकाने भोसकायला किंवा दाबून भोक पाडायला गेलात की पातं उलट मिटून बोटावर येतं. कापताना हात स्वतःपासून लांब, मिटताना बोटं फटीच्या बाहेर. लागलंच तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते डॉक्टरला सांगून विचारा. गंजामुळे धनुर्वात होतो हा समज आहे, त्याचे जंतू माती-शेणात असतात, त्यामुळे चकचकीत चाकू शेतात लागला तरी धोका तोच.

खिशात घेऊन फिरायचं का, हा प्रश्न येतोच. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची जी हत्यारं धरलीत त्यात घरकामाची-शेतीची अवजारं वगळलेली आहेत, आपला अडीच इंची तर त्या मापाच्या जवळपासही नाही. पण सणावाराला पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश काढतात, त्यात चाकू-काठी सगळंच येतं, आणि तुमच्या आजोबांचा आहे हे बंदोबस्तावरच्या हवालदाराला रस्त्यात पटवत बसण्यात अर्थ नाही. सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत, गड्ड्याला म्हणजे यात्रेतल्या जत्रेला होम मैदानावर जाताना घरीच ठेवा. कोर्टात, विमानतळावर तपासणीत निघाला तर काढून घेतात आणि तो परत मिळेल याची खात्री नाही, विमानाने जाणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, कापडात गुंडाळून, तळाशी.